वीसपैकी अकरा

नऊ पौंडांची डबी होती, काडेपेटीएवढी.
आकडे आत जात, आवाज बाहेर येई,
याहून जास्त मी तिला कधी विचारलं नव्हतं.
नवी आली तीनशे चाळीसची,
अॅल्युमिनियमची, पुढे निळा दिवा,
हातात घेतली की पैसे कुठे गेले
ते वजनातच कळावं अशी.

पहिल्या रात्री खरंच वाटलं.
तंबोऱ्याच्या चार तारा चार जागी,
तानेआधी गवई श्वास घेतो तो,
मागे कुणी पानाचा डबा मिटतं ते.
हेमांगीला हाक मारली.
कणकेचे हात तसेच धरून तिने ऐकलं
आणि म्हणाली, "तो डबा आधीही वाजायचा."

मग झोप लागेना.

शेजारी डोरीन क्लफ. वय त्र्याऐंशी.
हडर्सफील्डच्या गिरणीत एकवीस वर्षं लोकरीच्या मागावर,
धोट्यांचा खडखडाट कानांत भरून घेऊन रिटायर झालेली.
"मला वरचे सूर ऐकूच येत नाहीत," म्हणाली,
"म्हणजे मी लाच खाणार नाही."

आधी मीटर लावून पाहिलं.
नवी जरा मोठ्याने बोलत होती, बस.
मोठ्याने बोलणाऱ्याचं खरं वाटतं,
हे मला ऑफिसात कळायला हवं होतं.
दोघींचा आवाज सारखा केला.
डोरीनने वर चहाचं फडकं टाकलं,
मला भिंतीकडे तोंड करून बसवलं
आणि नाणं उडवत डब्या बदलत राहिली.

"नवी." "जुनी." "नवी, अगदी नक्की."
ती गॅसच्या बिलाच्या पाकिटावर रेघा ओढत होती.
वीसपैकी अकरा.
"नाण्याला दहा मिळाले असते," म्हणाली.
"तुला एक जास्त. बिस्किट घे."

माझा मामा मिरजेत तंबोरे करायचा.
घोडीवर कानस फिरवून जवारी काढायचा,
मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि एका जागी थांबून म्हणायचा, "लागली."
मी मान हलवायचो.
लागलेली आणि न लागलेली
मला सारखीच ऐकू यायची.
नऊ वर्षांचा होतो. मामाच्या तोंडाकडे बघून
मला कळायचं की आता कळायला हवं.

भिंतीला तोंड नसतं.

चहा पिताना डोरीनने कानामागचं यंत्र काढून
बशीच्या कडेला ठेवलं.
"ही माझी डबी. सरकारी. फुकट."
मागच्या हिवाळ्यात बदलून मिळाली होती.
"घरी आले, तर स्वयंपाकघरात कुणीतरी चालतंय.
चुलीची सळई घेऊन गेले.
घड्याळ होतं!
टिकटिक न करणारं म्हणून फ्रँकने मुद्दाम आणलंय
असं मी सोळा वर्षं समजत होते."
हसली. मग हसायची थांबली.
यंत्र परत कानात बसवत विचारलं,
"तुला काय ऐकू येत नव्हतं?"

मला सांगता येईना.

ती गेल्यावर बॉयलर बंद केला.
फ्रिजचं बटण काढलं (दूध नासलं, ते वेगळं).
स्पीकरच्या मागे हात घातला,
भिंतीला चिकटून बसले होते दोन्ही
लाजऱ्या पाहुण्यांसारखे.
वीतभर पुढे ओढले, थोडे आत वळवले,
कार्पेटवर चार गोल खळगे उघडे पडले.
खालचा गदगदाट गेला.
नऊ पौंडांच्या डबीतून
गवई खोलीच्या मधोमध येऊन बसला,
मांडी बदलली त्याने, तेही कळलं.

"लागली," मी म्हणालो.
ऐकायला कुणी नव्हतं.

नव्या डबीचं खोकं जिन्यात आहे,
गुरुवारपर्यंत परत करता येईल.
हेमांगी रोज ओलांडून वर जाते, काही म्हणत नाही.
पोस्टात रांग असते म्हणून राहिलंय.

निळा दिवा मात्र छान होता.